दगडाच्या उजवीकडे दोन वीत

बापाला आयुष्यात एकदा तरी काहीतरी द्यावं, असं मुहन्नाच्या मनात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आलं आणि तिथूनच सगळं बिनसत गेलं. बापांना खरं तर काही देऊ नये. त्यांना ते आवडत नाही, आणि चुकून आवडलंच तर ते तसं सांगत नाहीत.

द्यायचं काय, हे मात्र पक्कं होतं. घरची बंदूक. म्हणजे ती बापाचीच होती, तीच नवीकोरी करून त्याला परत द्यायची. इंग्रजांच्या फौजेतली जुनी रायफल, एका भरणीत दहा गोळ्या मारणारी, म्हणून हैल सिद्र गावात तिला 'दहांची आई' म्हणत. मुहन्नाच्या आजोबांनी ती सत्तर वर्षांपूर्वी घरात आणली आणि पुरुषांच्या बैठकीत भिंतीवर टांगली. घरातल्या खऱ्या आयांपेक्षा हिचाच मान जास्त, असं मुहन्नाची बायको रय्या म्हणे, पण ती ते स्वयंपाकघरात म्हणे.

निमित्त घडलं ते गेल्या बकरी ईदला. ईदच्या तिसऱ्या दिवशी वरच्या आळीची आणि खालच्या आळीची नेमबाजी असते. समोरच्या डोंगराच्या कपारीत तळहाताएवढा पांढरा दगड ठेवायचा आणि शंभर पावलांवरून तीन गोळ्यांत तो उडवायचा. जी आळी जिंकेल ती पुढच्या ईदला नमाजाहून परतताना ढोल घेऊन पुढे चालणार, हरलेली आळी मागून धूळ खात येणार. वरच्या आळीच्या शेवटच्या तीन गोळ्या मारायचा मान मुहन्नाच्या बापाचा, झाहरचा. एकेचाळीस वर्षं त्यानं एकदाही दगड चुकवला नव्हता, आणि एकेचाळीस वर्षं खालच्या आळीनं धूळ खाल्ली होती.

गेल्या ईदला दुसऱ्या गोळीनंतर बंदुकीचा गोळी भरायचा बोल्ट अडकला. झाहरनं तळहातानं दोन रट्टे मारले, बोल्ट सोडवला आणि तिसऱ्या गोळीला दगड उडवला. पण तेवढ्या वेळात खालच्या आळीचा मसूद म्हणाला, "काका, गंज नक्की कुणाला चढलाय, बंदुकीला की तुम्हाला?" लोक हसले. मुहन्नाही हसला, सगळे हसतात तेव्हा हसायची त्याला कचेरीतली सवय होती. बापानं ते पाहिलं. झाहर एकोणऐंशीचा होता आणि गुडघे पार कामातून गेले होते, पण समोरच्या कड्यावरच्या शेळ्या तो अंगणात बसून मोजत असे.

आता या घराण्याची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हे लोक दगडावर नेम धरत नसत. थेट दगडाकडे बघितलं की त्याला नजर लागते आणि गोळी भलतीकडे जाते, असं आजोबांनी घालून दिलेलं. म्हणून दगडाच्या उजवीकडे दोन वीत, मोकळ्या खडकावर नेम धरायचा, आणि चाप ओढायच्या आधी मोठ्यानं म्हणायचं, "तुझ्याकडे बघत नाही रे दगडा. उजवीकडे दोन वीत बघतो. बिस्मिल्लाह." मग गोळी अदबीनं डावीकडे वळून दगडावर जाऊन बसे. मशिदीतले गुरुजी म्हणत की धर्मात याला काही आधार नाही. पण गुरुजीही वरच्या आळीतले होते, त्यामुळे ते हळू आवाजात म्हणत.

मुहन्ना बारा वर्षांचा असताना बापानं त्याला पहिल्यांदा पालथं झोपवून हातात बंदूक दिली होती. त्यानं विचारलं, "उजवीकडे का?" बाप म्हणाला, "विचारू नको. मार." पण मुलाला ते पटेना. दगड डावीकडे आणि बघायचं उजवीकडे, हे काय? त्यानं तोंडानं ओळ म्हटली आणि नेम सरळ दगडावर धरला. गोळी दगडाच्या डावीकडे दोन वीत लागली. बापानं हातातली बंदूक काढून घेतली आणि आळीदेखत म्हणाला, "लावलीस ना नजर? तू आपला कागदावरच बरा." मुहन्ना खरोखरच कागदावर गेला. नगरपालिकेच्या पाणी खात्यात सव्वीस वर्षं त्यानं मीटरचे आकडे उतरवले, एक आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, बढत्या मिळवल्या, घर बांधलं, पाच मुलं वाढवली. बापाच्या लेखी तो 'कागदवाला'च राहिला. झाहर ते रागानं म्हणत नसे, एखाद्या मुलाला लोक 'थोरला' म्हणतात तसं म्हणे. मुहन्नाला मात्र ते रोज लागे.

तर ईदला तीन आठवडे असताना झाहर गुडघ्यांसाठी लेकीकडे रुस्ताकला गेला, तिथल्या गरम झऱ्यात पाय बुडवून बसायला. मोटार वळणावर दिसेनाशी झाली आणि मुहन्नानं खुर्चीवर चढून बंदूक खाली काढली.

"अबू हिलाल, बाबांना विचारलंत?" रय्यानं विचारलं. थोरल्या मुलाच्या नावावरून ती नवऱ्याला अशीच, 'हिलालचे बाबा' म्हणून हाक मारी.

"विचारलं तर त्यांना आश्चर्य कसलं वाटणार?"

"मी आश्चर्याचं नाही बोलत. बाबांचं बोलतेय."

"रय्या, ही बंदूक कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती, तशी मी त्यांच्या हातात देणार आहे."

"त्या दिवशी ती साहेबाची होती," रय्या म्हणाली आणि कांदे चिरायला गेली. बायकांना इतिहासाची जाण नसते, असं मुहन्नानं मनाशी ठरवलं.

कोणत्याही कामात पहिला अर्धा तास माणूस एकटा असतो. मग शेजारी येतो. मुहन्नाचा शेजारी सुवैलम. हा बावीस वर्षं सैन्यात होता, आणि कुठल्याही विषयावर बोलताना "मी सैन्यात होतो" अशी सुरुवात करी. सैन्यात तो काय करत होता, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यानं बंदुकीभोवती एक फेरी मारली, नळीला नाक लावलं, जिभेनं चुकचुक केली.

"लाकूड उपाशी आहे," तो म्हणाला. "लाकडाला खायला घालावं लागतं."

"काय?"

"तूप आणि खजुराचा पाक. निम्मे निम्मे. चांगलं चोळायचं आणि दोन दिवस सावलीत ठेवायचं. आणि लोखंड उकळायचं. लिंबाच्या पाण्यात. मी सैन्यात होतो, मला माहितीय."

बंदुकीच्या लाकडी दस्त्याभोवती आजोबांनी कधीकाळी ओलं कातडं गुंडाळून आवळलेलं होतं. वाळून ते लाकडाशी एकजीव झालेलं. ते दोघांनी मिळून सोलून काढलं, त्यात एक दुपार आणि मुहन्नाचं एक नख गेलं. लोखंडाचे सुटे भाग रय्याच्या मोठ्या तांब्याच्या पातेल्यात उकळायला घातले. ते पातेलं ईदला गहू-मटणाचं हरीस शिजवायचं होतं, तिच्या आईनं लग्नात दिलेलं. तासाभरात त्यात जे काही तयार झालं, त्याला रंग होता, वास होता, आणि पातेल्याच्या बुडाशी त्याचा जो थर बसला तो आजही निघालेला नाही. रय्यानं ते एकदा घासून पाहिलं. तिनं पातेलं बैठकीच्या मधोमध आणून ठेवलं आणि मुहन्नानं नवं आणेपर्यंत, आठ दिवस, तिथून हलवू दिलं नाही. येणारा प्रत्येक पाहुणा त्याला वळसा घालून बसे आणि विचारपूस करी.

लाकडाचं जेवण मात्र छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुहन्ना बघतो तर दस्ता चालतोय असा भास. वरच्या आळीतल्या झाडून सगळ्या मुंग्या आल्या होत्या. त्या बाहेरून खात नव्हत्या, लाकडाच्या चिरांतून आत शिरल्या होत्या आणि आत त्यांनी बिऱ्हाड मांडलं होतं. सुवैलम म्हणाला, धूप दाखवा. दाखवला. मुंग्यांना तो आवडला. मग मुहन्नानं दस्ता गच्चीवर टळटळीत उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत मुंग्या गेल्या आणि लाकूड केळीच्या सालीसारखं वाकलं.

"आता काय?" मुहन्नानं विचारलं.

"आता निजवाला ओबैदकडे ने," सुवैलम शांतपणे म्हणाला. "आधीच न्यायला हवी होतीस. हे काय घरी करायचं काम आहे?"

निजवाच्या बंदूकबाजारात नेण्यासाठी परवाना लागतो. परवाना होता, पण आजोबांच्या, हमूद बिन सैफ यांच्या नावावर. मुहन्ना तालुक्याच्या कचेरीत गेला तो जरा ऐटीतच. आपणही सरकारी माणूस, समोरचाही सरकारी माणूस, दोन शब्दांत काम होईल. समोर एक तरुण, अतिशय सभ्य अधिकारी होता. सभ्य अधिकाऱ्यापुढे माणसाचा काही इलाज चालत नाही.

"हे हमूद बिन सैफ स्वतः का नाही आले?"

"ते वारले."

"अल्लाह त्यांच्यावर रहम करो. कधी?"

"एकेचाळीस वर्षं झाली."

"दाखला?"

दाखला नव्हता. त्या काळी माणूस मेला की पुरत, अर्ज करत नसत. अधिकाऱ्यानं खेदानं मान हलवली. कागदोपत्री हमूद बिन सैफ एकशे नऊ वर्षांचे, सशस्त्र आणि हयात होते. त्यांच्या मृत्यूचे दोन साक्षीदार आणावेत, आणि उद्या यावं. हे 'उद्या या' मुहन्नानं पाणी खात्याच्या खिडकीतून सव्वीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. खिडकीच्या या बाजूनं ते कसं ऐकू येतं, हे त्याला प्रथमच कळलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आणि सुवैलम साक्षीला आले.

"तुम्ही मयताला प्रत्यक्ष पाहिलंत?" अधिकाऱ्यानं सुवैलमला विचारलं.

"मी सैन्यात होतो," सुवैलम म्हणाला. "रजेवर आलो होतो. त्या दिवशीचा दीडशे माणसांचा भात मीच शिजवला. सैन्यात बावीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. मुहन्नाच्या डोळ्यांसमोरून तूप, खजुराचा पाक, लिंबू आणि पातेलं असं सगळं ओळीनं गेलं. पण साक्ष पक्की होती. एकेचाळीस वर्षांनी आजोबा अधिकृतपणे वारले, त्यांच्या नातवाला त्याबद्दल एक पावती मिळाली आणि बंदूक दुरुस्तीला न्यायची पंधरा दिवसांची परवानगीही.

निजवाच्या किल्ल्यामागच्या गल्लीत ओबैदचं दुकान. दुकान म्हणजे एक दार, एक चटई आणि ओबैद. सत्तरीचा माणूस, शब्द मोजून वापरणारा. त्यानं वाकडा दस्ता हातात घेतला, हुंगला.

"कुणी केलं हे?"

"एका शेजाऱ्यानं."

"सगळे तेच सांगतात," ओबैद म्हणाला. नळी त्यानं उजेडाकडे धरून आतून पाहिली, मग एक डोळा मिटून वरून पाहिली, आणि वरून पाहताना तो बराच वेळ थांबला. "दुरुस्त करू, की मूळची करू?"

"फरक काय?"

"दुरुस्त म्हणजे चालेल अशी. मूळची म्हणजे जशी घडवली तशी. नवा दस्ता, जुन्याच जातीच्या लाकडाचा. जे सरळ होतं ते सगळं सरळ."

"मूळची," मुहन्ना म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

ओबैदनं नळीच्या टोकावर, जिथे नेमाची माशी असते, तिथे अंगठा ठेवला. "ही कधी पडली होती का? दगडाबिगडावर?"

मुहन्ना ताठ झाला. हमूद बिन सैफच्या हातून बंदूक पडली का, असा प्रश्न हैल सिद्रमध्ये कुणी विचारला असता तर दोन्ही आळ्या उठून उभ्या राहिल्या असत्या. आजोबा उतारावरून उंटासकट गडगडले होते तेव्हाही त्यांनी बंदूक डोक्यावर धरून ठेवली होती, आणि ही गोष्ट घरातलं प्रत्येक मूल बोलायला लागल्यापासून ऐकत होतं. स्वतः आजोबांनीच ती सांगितलेली.

"आमची बंदूक कधी पडलेली नाही," तो म्हणाला.

ओबैदनं त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि बारा दिवसांनी यायला सांगितलं.

बाराव्या दिवशी त्यानं जे हातात ठेवलं ते मुहन्नाला ओळखूच येईना. काळंभोर लोखंड, मधाच्या रंगाचं लाकूड, बोल्ट असा सरके की आवाज नाही. त्यानं ती गाडीत मागच्या सीटवर ठेवली आणि वाटेत तीनदा थांबून पाहिली. आता बाप काय म्हणेल, याची त्यानं घरी पोहोचेपर्यंत मनात पाच-सहा तऱ्हांनी उजळणी केली. 'शाबास' एवढंच म्हणाला तरी पुरे होतं. छत्तीस वर्षांत एकदा.

ईदच्या आदल्या दिवशी झाहर परतला. बैठकीत आला, काठी टेकवली आणि दारातच थांबला. बंदूक खाली काढायला लावली. बोटं दस्त्यावरून फिरवली, वरून खाली, खालून वर.

"कातडं कुठाय?"

"मूळच्या बंदुकीला कातडं नव्हतं, बाबा."

"मूळची म्हणजे?"

"कारखान्यातून निघाली तेव्हाची."

"तेव्हा ती आपली नव्हती," झाहर म्हणाला.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मुहन्नाला वाटलं, पुढे काहीतरी येईल. झाहरनं बंदूक खिळ्याला टांगली, नवं पातेलं कधी घेतलं असं विचारलं आणि नमाजाला निघून गेला. मुहन्ना रिकाम्या बैठकीत उभा राहिला. त्याला रडू यायचं बाकी होतं.

"बाबा, ईदच्या आधी एकदा मारून बघा ना," तो संध्याकाळी म्हणाला.

"बघायचं काय? या घरात कुणी कधी चाचणी घेतली नाही."

तिसरा दिवस उजाडला. जमिनीतल्या भट्टीत पुरून शिजवलेलं मटण आदल्या दिवशीच वाटून झालं होतं, कहवा फिरत होता, दोन्ही आळ्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात सतरंज्या टाकून समोरासमोर बसल्या होत्या. कपारीत पांढरा दगड ठेवला. खालच्या आळीच्या मसूदनं तिसऱ्या गोळीला तो उडवला. नवा दगड ठेवला. मग झाहर उठला. बंदूक उन्हात चमकली तेव्हा लोकांतून एक कौतुकाची कुजबुज गेली आणि मुहन्ना मान खाली घालून बसला. त्याला आपला चेहरा आवरत नव्हता.

झाहर पालथा पडला. गुडघे दुखत असले पाहिजेत, पण त्यानं दाखवलं नाही. "तुझ्याकडे बघत नाही रे दगडा," तो म्हणाला, आणि सगळी वरची आळी त्याच्याबरोबर म्हणाली, "उजवीकडे दोन वीत बघतो. बिस्मिल्लाह."

गोळी सुटली. धूळ उडाली ती दगडाच्या उजवीकडे दोन वीत.

कुणाला काही कळेना. झाहरनं गाल दस्त्यावरून उचलला नाही. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तो तसाच पडून राहिला, पाठ स्थिर. मग त्यानं बोल्ट मागे ओढून पुढे केला आणि त्याच आवाजात म्हणाला, "तुझ्याकडे बघत नाही रे दगडा. उजवीकडे दोन वीत बघतो. बिस्मिल्लाह." या वेळी आळीचे आवाज विरळ होते. दुसरी गोळी पहिलीच्याच भोकावर लागली.

तेव्हा मुहन्नाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओबैदचा अंगठा. माशी वाकलेली होती. आजोबा उंटावरून पडले तेव्हा बंदूकही पडली होती, माशी वाकली होती आणि म्हातारा आयुष्यभर ते कबूल करायला लाजला. नजर नाही, अदब नाही, काही नाही. बंदूक डावीकडे मारायची, म्हणून उजवीकडे बघायचं. आणि आता ती सरळ मारत होती. उठावं आणि ओरडावं, 'बाबा, दगडावर धरा', इतकं सोपं होतं. पण दोन आळ्यांसमोर 'का' सांगावं लागलं असतं. मुहन्नाचे पाय उठेनात. सव्वीस वर्षं तो साहेबांसमोर असाच बसून राहिला होता. तिसऱ्यांदा बापानं ती ओळ एकट्यानं म्हटली. तिसरी गोळीही तिथेच लागली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मसूद स्वतः उठून आला, त्यानं म्हाताऱ्याला हात देऊन उभं केलं आणि त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "काका, एकेचाळीस वर्षं खूप झाली. डोळ्यांना आता विसावा द्या."

झाहरनं अंगातल्या पायघोळ दिशदाशावरची धूळ झटकली. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "बंदुकीला कुणी बोल लावू नका. जिथे मारली तिथे लागली. माझ्या मुलानं केलीय ती. असं चोख काम या गावात आजवर कुणी केलेलं नाही."

छत्तीस वर्षं मुहन्ना ज्या वाक्याची वाट बघत होता ते हे असं आलं, दोन्ही आळ्यांदेखत, आणि त्याला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

गाडी घराच्या वाटेला लागली. बंदूक झाहरच्या मांडीवर आडवी होती.

"बाबा," मुहन्ना म्हणाला, "चूक माझी आहे. ती माशी..."

"सरळ केलीस."

"ओबैदनं केली. त्यानं विचारलं होतं मला, कधी पडली होती का. मी म्हटलं, आमची बंदूक कधी पडलेली नाही."

"बरोबर सांगितलंस."

मुहन्नानं गाडी खजुरीच्या बागेशी थांबवली. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. आज कळलं. पहिल्या गोळीला."

"मग दुसरी सरळ का नाही धरलीत? दगड उडाला असता."

"ती ओळ म्हणून सरळ धरायची?" झाहर म्हणाला. "अल्लाहचं नाव घेऊन खोटं बोलायचं? आणि ओळ न म्हणता धरली असती तर लोकांनी विचारलं असतं, का नाही म्हटली. विचारलं की मला खरं सांगावं लागतं." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "एकेचाळीस वर्षं माझा बाप मातीखाली आहे. आता त्याला वर काढून हसं करू? चालतील लोक पुढे ढोल घेऊन. चालू दे."

मुहन्नानं गाडी चालू केली नाही. झाहर बंदुकीकडे बघत राहिला, आणि मग हळूच, बोलायला जड जात असल्यासारखं म्हणाला, "तू बारा वर्षांचा होतास तेव्हा. डावीकडे दोन वीत लागली होती ना?"

"हो."

"म्हणजे सरळ दगडावर धरली होतीस."

"हो, बाबा."

"पहिल्याच गोळीला. बारा वर्षांचं पोर," झाहर म्हणाला. "आणि मी तुझ्या हातातून काढून घेतली." त्यानं अंगठा त्या सरळ माशीवर ठेवला. मुहन्नाला रस्ता दिसेना, म्हणून त्यानं डोळे पुसले आणि मग गाडी काढली.

घरी पोहोचतात तर अंगणात सुवैलम आधीच येऊन बसलेला, हातात सिद्राच्या, म्हणजे बोरीच्या फुलांच्या मधाची बरणी. बातमी गाडीच्या आधी पोहोचली होती. रय्यानं सासऱ्याखाली उशी सरकवली. डोळ्यांवर मधासारखा उपाय नाही, सुवैलम सांगू लागला, सैन्यात असताना त्याच्या हाताखालच्या कांदे चिरणाऱ्या प्रत्येक पोराला त्यानं हाच दिला होता.

"समोरचं धूसर दिसतं ना काकांना?" त्यानं विचारलं.

झाहरनं मान वळवली. त्यानं मुहन्नाकडे पाहिलं, स्वच्छ, थेट.

"हो," मुहन्ना म्हणाला. "बरेच दिवस झाले. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं."

झाहरनं मान मागे टाकली. मुहन्ना त्याच्या मागे बसला आणि त्यानं बापाचं डोकं दोन्ही हातांत धरलं. सुवैलमनं काडीनं मध सोडला, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. मध झोंबतो. म्हाताऱ्याच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहायला लागलं.

"बघ, घाण निघतेय," सुवैलम समाधानानं म्हणाला. "दिवसातून तीनदा घालायचा. चाळीस दिवस."

"चाळीस?" झाहरनं विचारलं.

"चाळीस, काका. एकही दिवस चुकवायचा नाही."

झाहरनं गालांवरचं पाणी बाहीनं पुसलं.

"बरं," म्हणाला, आणि पुढच्या थेंबासाठी डोळे उघडे धरले.